सहा महिन्यांचं गाव

'ऊसतोडीला का जाता?' असं बीड, पाथर्डी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या पट्ट्यात कुणालाही विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं: पोटासाठी. विचारणारा वहीत 'कारण – रोजगाराचा अभाव' असं लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उत्तर खरंच असतं, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. त्याच गावातली काही घरं जातात आणि काही थांबतात. पोट दोघांनाही आहे. शिवाय हे उत्तर परक्या माणसासाठी ठेवणीतलं असतं. सरकारी माणूस आला, संस्थेचा माणूस आला, कॅमेरावाला आला, सगळ्यांनी हेच विचारलं आणि सगळ्यांना हेच मिळालं.

स्थलांतर जवळून समजून घ्यायचं तर हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि कालचा दिवस विचारावा. काल किती वाजता उठलात, पाणी कुठून आणलं, चूल कुणी पेटवली, उसाच्या फडात कधी पोचलात, गाडी कधी भरली, पाठ टेकायला किती वाजले. कालच्या दिवसाबद्दल तयार उत्तर नसतं, कारण ते आजवर कुणी मागितलेलंच नसतं. एकाच टोळीतल्या वेगवेगळ्या माणसांचे असे पंचवीस-तीस दिवस वहीत जमले की मग हळूहळू दिसायला लागतं की या प्रवासात कोण कुणाला बांधलेलं आहे, कशानं, आणि सुटायची वाट कुठे कुठे बंद होते.

या लोकांची धड मोजणीही आपल्याकडे झालेली नाही, याचं कारण मोजणाऱ्यांच्या व्याख्येत सापडतं. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात, घरं कुलूपबंद. गणना चालू असताना जो सगळा काळ बाहेर असतो तो त्या घरात मोजला जात नाही. फडाजवळच्या कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) प्रगणक पोचला तर तिथे मोजला जायचा, नाही पोचला तर राहिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं २००७-०८च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरासाठी वेगळा प्रश्न ठेवला होता: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. ऊसतोडीचा हंगाम नेमका या रेषेवर उभा असतो. दसऱ्यानंतर निघून चैत्रात परतलेली टोळी एका वर्षी साडेपाच महिने बाहेर असते, ऊस जास्त असेल तर पुढच्या वर्षी साडेसहा. तेच कुटुंब एका वर्षी अल्पकालीन स्थलांतरित ठरतं आणि दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या तळावरचं रहिवासी. त्यामुळे ऊसतोड कामगार किती, यावर सांगितले जाणारे आकडे काही लाखांनी एकमेकांपेक्षा वेगळे असतात. कुणी आकडा सांगितला की आधी विचारावं, कोणत्या महिन्यात आणि कुठे उभं राहून मोजलं?

हा प्रवाह काही अनादी नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग पाटाच्या पाण्यावर ऊस आणि कारखाने दोन्ही वाढत गेले, आणि तोडायला माणसं लागली ती बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या कोरडवाहू गावांतून आली. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट पक्की झाली. आज पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर, शिवाय बेळगाव आणि दक्षिण गुजरातपर्यंत टोळ्या जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत मजुरांच्या वस्त्यांवर जाऊन काम केलं, आणि बारडोलीकडच्या उसात त्यांना भेटलेले मजूर मोठ्या संख्येनं आपल्या खानदेशातले होते.

अभ्यासाची पहिली अडचण दाराशीच येते. टोळीपर्यंत पोचायच्या तीन वाटा आहेत आणि प्रत्येक वाट तुम्हाला वेगळा माणूस बनवते. कारखान्याच्या शेतकी खात्यामार्फत गेलात तर तुम्ही तपासणीला आलेले साहेब ठरता. मुकादमामार्फत, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदारामार्फत, गेलात तर त्याचे पाहुणे. मग उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती, बाकी किती, हे कुणी खरं सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याला त्याची किंमत मोजावी लागेल. तिसरी वाट लांबची आहे, पण तीच धरावी: श्रावण-भाद्रपदात मूळ गावी जावं. शेतात खुरपणी चाललेली असते, घरं उघडी असतात, उचलीची बोलणी सुरू असतात. तिथे ओळख झालेल्या घराच्या मागोमाग नोव्हेंबरात फडावर गेलं की तुम्ही 'आपल्या गावाकडून आलेले' असता. कोपीसमोर पोतं अंथरलं जातं ते या ओळखीवर.

एथ्नोग्राफीचं, म्हणजे लोकांत राहून त्यांचं जगणं टिपण्याच्या पद्धतीचं, नाव निघालं की मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्कीचं नाव निघतंच. १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहणारा, तिथली भाषा शिकून रोजचं जगणं टिपणारा हा माणूस फील्डवर्कचा नमुना होऊन बसला. त्याचं गाव मात्र बेटावर होतं आणि जागेवर राहत होतं. आपल्या अभ्यासातलं गाव ऑक्टोबरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं. १९९५ साली मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मार्कस यांनी माणसं, वस्तू आणि गोष्टी जिथे जिथे जातात तिथे तिथे अभ्यासकानंही जावं अशी मांडणी केली. ऊसतोडीत ती शब्दशः पाळावी लागते. फक्त फडावर काम केलं तर दिसतात ती काबाडकष्ट करणारी माणसं, गाव नसलेली. फक्त गावात काम केलं तर दिसतात म्हातारी माणसं, पोरं आणि कुलपं. उचल घेण्यापासून ती फिटेपर्यंतचं किमान एक वर्ष पुरं पाहिल्याशिवाय लिहायला बसू नये.

आता तो कालचा दिवस. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या टोळीत बायका पहाटे तीन-साडेतीनला उठतात. चूल पेटते, दोन वेळच्या भाकरी आणि कोरड्यास होतं, पाण्याचे कॅन भरून घेतले जातात, कारण फडात पाणी असेलच असं नाही. उजाडायच्या आत माणसं फडात. नवरा बुडातून ऊस तोडतो, कोयत्याच्या पाठीनं आणि धारेनं पाचट सोलतो, शेंड्याचं वाढं उडवतो. बायको तोडते, सोलते, गोळा करते, मोळ्या बांधते. पंधरा-वीस उसांची मोळी तीस किलोच्या पुढे जाते. चुंबळ ठेवून ती डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढून आत टाकायची. या टोळ्यांना 'डोकी सेंटर' म्हणतात ते उगाच नव्हे. बैलगाडीवाल्यांचं वेळापत्रक वेगळं: दुपारपर्यंत तोड, मग गाडी भरून नवरा कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत, बायको पायी तळावर परत. रांगेत पाच-सहा तास सहज जातात आणि बैल तिथेच जुंपलेले असतात.

या नोंदीत चूक होते ती अशी. अभ्यासक जिल्ह्याच्या गावाहून सकाळी निघतो, अकराला तळावर पोचतो, संध्याकाळी पाचला परततो. तळावर त्याला दिसतात लहान पोरं सांभाळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुली आणि एखादी आजारी बाई. पहाटेचं तीन ते सहा आणि रात्रीचं आठ ते बारा त्याच्या वहीत येतच नाही. नेमकं त्याच वेळात गाडी भरायला बोलावणं येतं. ट्रक रात्री दोनलाही लागतो आणि तो लागला की जेवण टाकून उठावं लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलाखत एकही घेऊ नये. चोवीस तासांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात एकदा तरी हजर राहावं. नवरा आणि बायको यांच्या दिवसाची नोंद वेगवेगळी घ्यावी, वेगवेगळ्या वेळी. 'आम्ही नऊला झोपलो' असं नवरा सांगतो, आणि बायकोच्या नोंदीत नऊनंतर भांडी, उद्याचं सरपण, पोराच्या अंगातला ताप, असं साडेदहापर्यंतचं काम असतं. दोघंही खरं बोलत असतात.

मुलाखतीसाठी काम थांबवायला सांगू नये. तोड टनावर आहे. तासभर बोलणं म्हणजे तासाभराचा ऊस उभा राहणं. मोळी बांधता बांधता, वाढं गोळा करता करता जेवढं बोलणं होईल तेवढंच खरं. आणि मदत म्हणून कोयता हातात घेण्याचा मोह आवरावा. सवय नसलेल्या हातानं ऊस जमिनीपासून चार-सहा बोटं वर तुटतो. बुडख्यात साखर सगळ्यात जास्त असते, त्यामुळे शेतकरी आणि चिटबॉय (तोडीवर लक्ष ठेवणारा कारखान्याचा माणूस) दोघंही टोळीवरच ओरडतात. मदत करायचीच असेल तर पाण्याचा कॅन उचलावा, लहान मूल सांभाळावं.

हिशेब हा या अभ्यासाचा कणा आहे, आणि तिथेच बहुतेक लेखन उथळ राहतं. 'उचल घेऊन मजूर अडकतो' हे वाक्य सगळीकडे असतं. कसा अडकतो ते क्वचित मांडलेलं असतं. साखळी अशी: कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो, मुकादम जोडप्यांना उचल देतो. एक जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि उचलही निम्मी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरू. दिवसाचे ७३२ रुपये झाले. एक लाखाची उचल फेडायला साधारण १३७ दिवस लागतात, तेही एकही दिवस न चुकता, आणि मधे एक रुपयाही न घेता. पावसाळा कमी झाला, ऊस घटला, शेजारी नवे कारखाने आणि हार्वेस्टर आले की हंगाम ११० दिवसांत आटोपतो. उरले २७ दिवस, म्हणजे जवळजवळ वीस हजारांची बाकी, ती पुढच्या वर्षीच्या उचलीत. त्यात आठवड्याच्या बाजारासाठी मुकादमाकडून घेतलेली खर्ची मिळवा. त्यात गाडी पंक्चर झाली, कारखान्याचा पट्टा तुटून गाळप बंद राहिलं, अवकाळीनं फडात चिखल झाला, असे बसून काढलेले दिवस मिळवा. हे दिवस मजुराच्या चुकीनं गेलेले नसतात, पण त्याच्याच खात्यातून जातात.

हा हिशेब तीन ठिकाणी वेगवेगळा सापडतो: काट्याच्या पावतीवर, मुकादमाच्या वहीत आणि जोडप्याच्या डोक्यात. तिन्ही लिहून घ्यावेत, शेजारी शेजारी मांडावेत आणि कोण खोटं बोलतंय हे ठरवायची घाई करू नये. पावतीवर पूर्ण गाडीचं वजन असतं. ते किती कोयत्यांत कसं वाटलं हे मुकादमाच्या वहीत असतं. आणि कोणत्या दिवशी किती मोळ्या उचलल्या हे बाईला पक्कं आठवतं. फरक जिथे पडतो तिथे प्रश्न विचारायचे. काट्यात मारलं, आजारपणाचा दिवस खाडा धरला, मागच्या सालची बाकी फुगवली, की आठवणीत एक खर्ची विसरली? प्रत्येक फरकाचं कारण वेगळं निघतं.

एक रक्कम मात्र कुणाच्याच वहीत नसते: वाढ्याची. उसाचे हिरवे शेंडे चाऱ्याला विकले जातात. आसपासचे गुरंवाले संध्याकाळी फडाच्या कडेला येऊन पेंढ्या घेऊन जातात. उचलीचे पैसे हंगामाआधीच लग्नात, दवाखान्यात, बी-बियाण्यात, जुन्या देण्यात संपलेले असतात, तेव्हा सहा महिने मीठ-मिरची, रिचार्ज आणि गोळ्या-औषधं बऱ्याच घरांत या वाढ्यावर चालतात. म्हणून जळीत ऊस आला की टोळीत मिश्र भावना दिसतात. पाचट जळालेलं असल्यानं तोड झपाट्यानं होते, टन वाढतात. पण वाढं उरत नाही, हातात रोख येत नाही, आणि बैलगाडीवाल्यांच्या बैलांना चारा विकत घ्यावा लागतो. 'जळीत ऊस बरा की हिरवा?' हा प्रश्न नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळा विचारून पाहावा. उत्तरांतला फरक हा त्या घरात रोख पैसा कुणाच्या हातात राहतो याचा सगळ्यात सरळ पुरावा आहे.

कोप्यांचा नकाशा काढणं हे काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून टाळलं जातं. ते टाळू नये. बांबू, चटया, वर प्लास्टिकचा कागद, आत शिरायला वाकावं लागेल एवढं दार. आतली जागा पावलांनी मोजली तर चार बाय तीन पावलंही भरत नाही. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक कोपी, चूल, पाण्याचा नळ किंवा टँकरची जागा, बैलांची दावण, लाईटचा खांब, बायकांनी कापड लावून केलेली न्हाणी, शौचाला जायची वाट, सगळं पावलांच्या अंतरासह मांडावं. मग प्रत्येक कोपीत कोण, कुठल्या गावचं, कुणाची कोण, हे लिहावं. सख्खे भाऊ शेजारी, मेव्हणे त्यापुढे, दुसऱ्या गावचे पलीकडे. भावकी इथे बांबूंच्या रांगेत उतरलेली असते. जातही. पाण्यापासून सगळ्यात लांबच्या कोप्या कुणाच्या हे कागदावर आलं की तोंडानं विचारायची गरज उरत नाही. आणि हा नकाशा हंगामात तीनदा काढावा: तळ पडल्यावर, संक्रांतीच्या सुमारास आणि पट्टा पडण्याआधी, म्हणजे हंगाम संपून गाळप थांबण्याआधी. मधल्या काळात एखादी कोपी जागा बदलते. त्यामागे भांडण असतं, पळून गेलेलं जोडपं असतं, बाळंतपण असतं किंवा एखाद्या बाईला रात्री असुरक्षित वाटलेलं असतं. हे मुलाखतीत पहिल्यांदा कधीच निघत नाही. 'ही कोपी तिकडे होती ना?' असं विचारलं की निघतं.

खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. अनेक टोळ्यांत त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो, आणि जोडीतल्या एकानं दांडी मारली तरी कोयता पूर्ण बसला असं धरलं जातं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. हा आकडा मिळाला नसता तर सरकार हललं नसतं, त्यामुळे सर्वेक्षणाला कमी लेखू नये. पण त्या आकड्यापर्यंत एखादी बाई कशी पोचते हे पाहायला तिचा दिवसच उलगडावा लागतो. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, म्हणून अंधार पडेपर्यंत तेच. शौचाला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, हंगामभर अंगावर काढणं, कारण दवाखाना म्हणजे खाडा. गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' असा सल्ला. शस्त्रक्रियेला पैसे उचलीतून. मग ती उचल फेडायला पुन्हा फडात, टाके नीट भरायच्या आत. या साखळीतला एक दुवा सुट्टा घेऊन कुणा एकाला दोषी ठरवणं सोपं आहे, आणि तेच वारंवार झालं.

हे विषय बाईनंच बाईशी बोलावेत, आणि कोपीत कधीही बोलू नयेत. चटईच्या भिंतीतून पलीकडच्या कोपीतलं खोकणं ऐकू येतं, तिथे खाजगी असं काही राहत नाही. कपडे धुवायला पाटावर जाताना, सरपण आणताना, बाजाराच्या वाटेवर बोलणं होतं. रेकॉर्डर तर कोपीत चालूच करू नये. शेजारच्या कोपीतल्या माणसानं संमती दिलेली नसते आणि त्याचाही आवाज त्यात उतरतो.

गावाकडच्या निम्म्या भागाला मी जास्त वजन देते. डिसेंबर-जानेवारीत तिथे जावं, थंडीत, जेव्हा सगळे 'आता गावात कुणी नाही' असं सांगतात. आजी-आजोबा असतात, शाळा असते, हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं असतात. रेशन कोण उचलतं, अंगठा कुणाचा लागतो, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत कुणाच्या नावावर किती, फोनवर मुलगा काय सांगतो आणि आई काय लपवते, हे सगळं इथे पाहायचं. सणांचंही तसंच. लातूर-धाराशिवकडे आणि बीडच्या त्या बाजूच्या गावांत वेळा अमावस्या मार्गशीर्षात येते, जेव्हा तोडीला गेलेली घरं बाहेर असतात. शेतात पूजा कोण मांडतं, जेवायला कुणाला बोलावतात, व्हिडिओ कॉल लावतात का, यावरून घर अजून गावात आहे की नाही ते कळतं. वंशावळी काढताना लग्नाच्या तारखाही घ्याव्यात आणि त्या हंगामाच्या अलीकडे पडतात की पलीकडे ते पाहावं. जोडीला पूर्ण उचल आणि एकट्याला अर्धी, हा नियम लग्नाच्या वयावर काय करतो, ते अशा तीस-चाळीस तारखा एका रांगेत लावल्या की दिसायला लागतं. वयात येणाऱ्या मुलीला सहा महिने मागे कुणाजवळ ठेवायचं, ही आईची काळजीही त्याच तारखांमागे असते. बालविवाह वाईट हे त्या आईला माहीत नसतं असं समजून लिहिणाऱ्यांनी तिच्याशी एकदा तासभर बोलावं.

टिपणांबद्दल थोडंसं. फडात फक्त खुणेचे शब्द लिहावेत, तळहाताएवढ्या वहीत. सविस्तर टिपण त्याच रात्री. एक झोप झाली की क्रम विस्कटतो आणि माणूस आपल्याला हवा तसा क्रम लावतो. पाहिलेलं, ऐकलेलं आणि आपल्याला वाटलेलं हे तीन वेगळ्या रकान्यांत किंवा वेगळ्या रंगात. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातल्या गावावरची वर्षानुवर्षं तपासलेली टिपणं १९७० साली स्टॅनफर्डमधल्या आगीत जळाली आणि पुढचं पुस्तक त्यांना मुख्यतः आठवणीतून लिहावं लागलं. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही समजू नये. गाव, मुकादम आणि कारखाना ही तीन नावं एकत्र आली की टोळी कोणती हे त्या तालुक्यात कुणीही सांगेल. कारखाना गाळावा, हंगामाचं साल एका वर्षानं ढोबळ करावं, बाकीचे आकडे हजाराच्या पटीत करावेत. उचल बुडवून पळालेल्या जोडप्याचा ठावठिकाणा वहीत लिहूच नये. ती वही कुणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात नसतं.

एक वेळ मात्र काही झालं तरी चुकवू नये, ती म्हणजे पट्टा पडण्याच्या आधीचे आणि नंतरचे मिळून आठ-दहा दिवस. गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, रिकामी होते, शेवटचं बिल निघतं आणि टोळी हिशेबाला बसते. सहा महिने जे बोललं गेलं नाही ते त्या बैठकीत बोललं जातं, बहुतेक वेळा मोठ्या आवाजात. कुणाची बाकी निघाली, कुणाला सुटे पैसे मिळाले, कुणी पुढच्या वर्षी मुकादम बदलणार, हे तिथेच कळतं. अभ्यासकानं कडेला बसावं आणि वही मिटलेली ठेवावी. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, ग्रामसेवकांनी ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली, त्यासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे ठरले. पण या बैठकीत त्या ओळखपत्राचा उल्लेख कुणी करतं का, कशासाठी करतं, हे ऐकण्यासारखं असतं. योजना लोकांपर्यंत पोचली का याचं उत्तर कार्यालयातल्या तक्त्यापेक्षा इथे लवकर मिळतं.

लिहून झालेला कच्चा मजकूर गावात वाचून दाखवायचा असतो. तो चैत्र-वैशाखात, घरं उघडी असताना वाचावा. बायकांना वेगळा, पुरुषांना वेगळा, मुकादमाला त्याच्यापुरता आणि सगळ्यात शेवटी. दुरुस्त्या येतात त्या मोठ्या गोष्टींवर कमी आणि बारीक गोष्टींवर जास्त: त्या दिवशी टँकर आलाच नव्हता, ती सून नव्हे पुतणी, दर टनाला नव्हे गाडीला ठरला होता. बारीक दुरुस्ती घेतल्याशिवाय मोठा निष्कर्ष छापू नये. दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल उलट सांगत राहिली तर दोन्ही म्हणणी मजकुरात ठेवावीत, कुणाचं कोणतं ते स्पष्ट करून. आणि हे वाचन आषाढाआधी उरकावं. त्यानंतर पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतात, आणि मुकादम ओसरीवर बसलेला असताना मागच्या बाकीबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही.